पाण्यावरचा पत्ता

झोराइदा मुरायारी आणि मी एकाच वस्तीत वाढलो. आमची घरं तराफ्यांवर. हलक्या लाकडाचे जाड ओंडके वेलींनी आवळून बांधायचे, वर फळ्यांची जमीन, त्यावर पाल्याचं छप्पर, आणि हे सगळं घर एका दोरानं खुंटाला बांधलेलं. पाणी चढलं की घर चढतं, उतरलं की चिखलावर बसतं. सांता इर्मा गाव वर, टेकाडावर. आम्ही खाली. वरचे लोक आम्हाला बेडूक म्हणायचे, आम्ही त्यांना कोरडे म्हणायचो. बाजारात मात्र दोघांचंही एकमेकांवाचून चालायचं नाही.

झोरी लहान असताना एका पुरात त्यांचा दोर तुटला. मायलेकी झोपेत होत्या. घर आपलं आपण निघालं आणि धुक्यातून वाहत खाली बुडालेल्या रानात जाऊन दोन झाडांच्या मध्ये अडकलं. झोरीला जाग आली तेव्हा खिडकीत फांद्या होत्या, फांद्यांवर पांढरे पक्षी, आणि खाली इतकं स्वच्छ काळं पाणी की ते सगळं उलटंही दिसत होतं. तिची आई एर्लिंदा, जिला सगळे मानानं दोन्या एर्लिंदा म्हणत, चुलीवर कच्ची केळी उकडत बसली होती.

झोरीनं विचारलं, "आई, आपण कुठे आहोत?"

"घरात," आई म्हणाली.

हे मला झोरीनंच कितीदा तरी सांगितलं. सांगताना तिचा आवाज खाली यायचा, जणू मोठ्यानं बोललं तर ते पक्षी उडून जातील.

ती हुशार होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हुशारीचं पुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन्या एर्लिंदा बाजारात मासे विकायची आणि मासेवाल्या बायकांची भिशी चालवायची. झोरी तिच्या शेजारी बसून बघायची की नदी चढली की मासा महाग होतो, कारण मासे रानात पांगतात, आणि उतरली की स्वस्त. मग पोरींच्या चपला, औषधं, लग्नं, सगळंच नदीच्या मागे चढतं-उतरतं. शाळेच्या पुस्तकात याबद्दल एक ओळही नव्हती. तिला ते चमत्कारिक वाटायचं. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा ती राजधानीत, लिमाला गेली आणि तिनं अर्थशास्त्र घेतलं. वस्तीत आम्हाला वाटलं, बँकेत चिकटेल.

लिमात पाऊस पडत नाही. आकाश महिनोन् महिने राखाडी असतं आणि धुकं समुद्राकडून येऊन घरांवर बसून राहतं. ती एका मावशीकडे राहायची, दगडाधोंड्यांच्या उतारावर, जिथे पाणी टँकरनं यायचं. जमीन हलत नसल्यामुळे सुरुवातीला तिला झोप लागेना. नंतर लागायला लागली, पण स्वप्नात खोली हळूहळू सरकायची, रस्त्यावरून, कारखान्यांच्या भिंतींवरून, आणि सकाळी पुन्हा जागेवर येऊन थांबायची. ती म्हणायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी तर हटकून सरकायची.

परत आली ती वरच्या गावातल्या नियोजन कार्यालयात अर्थतज्ज्ञ म्हणून. त्या मजल्यावर टंकलेखन करणाऱ्या दोघी सोडल्या तर ती एकटीच बाई. पहिल्या बैठकीत कुणीतरी तिला कॉफी आणायला सांगितली. तिनं आणली, सगळ्यांना दिली, स्वतःचा कप घेतला आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसली.  तिच्याकडे कॉफी पुन्हा कुणी मागितली नाही.

तिचे साहेब इंजिनिअर पिनेदो. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावर पुठ्ठ्याचं एक छोटं गाव मांडलेलं असायचं: लाल छपरं, सरळ रस्ते, शाळा, दवाखाना. तेच आमचं नवं सांता इर्मा. नदीपासून लांब, तांबड्या मातीच्या माळावर ते बांधून झालं होतं, आणि सगळी पाण्यावरची वस्ती तिथे हलवायची होती. लोकांना तयार करायचं काम झोरीकडे आलं.

तिनं ते मनापासून केलं, हे मला सांगायलाच हवं. पाण्यात पडून गेलेली मुलं तिनं पाहिली होती. आम्ही जे पाणी प्यायचो त्यातच सगळं सोडायचो, आणि उन्हाळ्यात घराघरात जुलाब असायचे. नळ उघडला की स्वच्छ पाणी येतं ही गोष्ट तिला फार मोठी वाटायची. ती होडी घेऊन दारोदार फिरली. लोक ऐकून घेत, तिला केळ्याचं पेय देत, आणि विचारत, "तुझी आई जाणार का?"

म्हणून दोन्या एर्लिंदा गेली. लेकीच्या शब्दाखातर पहिली तीच गेली. तिच्यामागून बरीच घरं गेली.

एक पावसाळा तिनं त्या विटांच्या घरात काढला. बाजार लांब पडला. मोटारसायकलच्या रिक्षेचं भाडं माशांच्या विक्रीतून निघेना. आणि मासे तरी कुठून आणणार? पहाटे होड्या ज्या धक्क्याला लागतात तिथे पोचेपर्यंत माल संपलेला असायचा. भिशीतल्या बायका पांगल्या. ती मला म्हणाली होती की त्या घरात सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे शांतता. खाली पाण्याची चुळुक नाही, शेजारच्या तराफ्याचा कुरकुर आवाज नाही. ती बिछान्यावर पडून राहायची आणि तिला वाटायचं, आपण मेलो आहोत आणि कुणी अजून सांगितलेलं नाही.

पुन्हा नदी चढायला लागली तशी ती आपल्या तराफ्यावरच्या घरी परत आली. डोक्यावर भांडी, काखेत कोंबडी. झोरी घाटावर उभी होती.

"आई, निदान मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस," दोन्या एर्लिंदा म्हणाली. "आणि मी थांबलेही असते. म्हणून नाही सांगितलं. ही कोंबडी धर."

झोरीनं कोंबडी धरली. त्यानंतरचे काही दिवस तिला जड गेले. तिच्या आईमागून इतरही परत येऊ लागले, आणि बाजारात तिला पाहून बायका कुजबुजायच्या. आमच्या धक्क्यावरची लुस्मिला तर तोंडावरच म्हणाली, "अर्थतज्ज्ञ बाई, आई ऐकत नाही तुमची, आणि गाव ऐकावं म्हणता?" सगळ्या हसल्या. झोरीही हसली, पण तिनं माझ्या रसाच्या दुकानातून घेतलेला पेला तसाच ठेवला.

दुसरी कुणी असती तर गप्प राहिली असती, किंवा लोकांवरच चिडली असती. ती पिनेदोंकडे गेली आणि म्हणाली, मला एक पूर खाली राहायचं आहे. आपलं काय चुकलं ते मला तिथूनच दिसेल. साहेबांनी पुठ्ठ्याच्या गावाकडे बघितलं आणि सुस्कारा टाकून होकार दिला. तेव्हापासून ती आईच्या घरात राहायची आणि सकाळी होडी वल्हवत कार्यालयात जायची, पाठीवर पिशवी, पिशवीत कोरडे बूट.

ते दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. त्या वर्षी पाणी खूप चढलं. काठचे रस्ते गेले, बाजार गेला, चर्चच्या खालच्या पायऱ्या गेल्या. सगळीकडे तपकिरी मऊ उजेड, आणि त्यातून आमची घरं एकमेकांना हलके धक्के देत डुलायची. संध्याकाळी झोरी घराच्या कडेला पाय पाण्यात सोडून बसायची. मी माझी होडी तिथे लावायची. आम्ही फारसं बोलायचो नाही. कधी कधी ती अर्ध्या झोपेत विचारायची, "अगं, ह्या बायकांना बँक खातं का देत नाही?" मी म्हणायची, पत्ता विचारतात म्हणून. "आणि दवाखान्यात नाव का नाही लिहीत?" तेच, पत्ता. "आणि पाण्याची पाइप का नाही टाकत?" अगं बाई, पत्ताच नाही तर पाइप कुठे नेणार? घर आज इथे, उद्या दोन तराफे पलीकडे.

मग ते भांडण झालं. लुस्मिलाच्या घराला पुरात आणखी एक दोर लागला म्हणून तिनं तो शेजारच्या मोकळ्या खुंटाला बांधला. तो खुंट दोन्या एर्लिंदाचा. झालं. दोघी आपापल्या दारात उभ्या राहून बोलायला लागल्या.

"माझ्या सासऱ्यानं ठोकलाय तो," दोन्या एर्लिंदा म्हणत होती. "तुझा नवरा रांगत होता तेव्हापासून आहे तिथे."

"म्हणून काय वर नाव लिहिलंय?"

"नाव कशाला लिहायचं? विचार कुणालाही. अख्ख्या वस्तीला माहीत आहे कुणाचा खुंट कुठला."

आजूबाजूच्या घरांतून लोक बोलायला लागले. कुणाचा खुंट आजोबांचा, कुणाचा हुंड्यात आलेला, कुणी विकत घेतलेला. कुणी खोटं बोललं की दुसरा लगेच टोकायचा. झोरी चुलीपाशी मासा भाजत होती. ती उठून दारात आली आणि ऐकत राहिली, मासा करपेपर्यंत. भांडण मिटलं, लुस्मिलानं दोर सोडला, दोन्या एर्लिंदानं तिला लगेच म्हटलं की बांध ग, पुरापुरता बांध, मी फक्त सांगत होते. झोरी तशीच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं तो आनंद नव्हता. खूप दिवस हरवलेली वस्तू स्वतःच्याच कमरेला बांधलेली सापडावी, तसं काहीतरी.

तिचं म्हणणं साधं होतं. घर हलतं, खुंट हलत नाही. त्या टणक लाकडाचे खुंट माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतात. सरकारनं घराला नाही, खुंटाला पत्ता द्यावा. मग बँक येईल, दवाखाना तराफ्यावरून येईल, खुंटाखुंटाला स्वच्छ पाण्याची लवचिक पाइप येईल. ज्यांना माळावर राहायचंय त्यांनी खुशाल राहावं, तिथलीही बरीच घरं रमली होती. ज्यांना पाण्यावर राहायचंय त्यांना पाण्यावरच माणसासारखं राहू द्यावं, आणि ते स्वस्तही पडेल, हे तिनं पूर्ण हिशेबासकट मांडलं.

पिनेदोंनी वाचून कागद खाली ठेवले. ते म्हणाले, "म्हणजे मी बांधलेलं गाव चुकलं असं मी स्वतःच लिहून द्यायचं."

"अर्धं चुकलं, साहेब," झोरी म्हणाली. "माझंही अर्धं चुकलं. आपण दोघं सही करू."

त्यांनी पुठ्ठ्याचं गाव टेबलाच्या कडेला सरकवलं. मग त्यांनी सही केली. मला हे नेहमी वाटत आलंय की त्या दिवशी त्यांनीही काही कमी धाडस केलं नाही.

लिमाला मात्र ती एकटी गेली. अर्थखात्यात तिचं ऐकायला बसलेल्या लोकांत दोन्या ग्रासिएला ओतायसा नावाची एक वयस्कर अधिकारी होती, पांढरे केस घट्ट बांधलेली. बाकीचे नकाशे बघून कंटाळले होते. कुणी म्हणालं, ही तर गरिबीला पाटी लावायची योजना झाली. दोन्या ग्रासिएलानं सगळ्यांचं होऊ दिलं आणि मग विचारलं, "तुम्ही स्वतः कुठे राहता?"

झोरीनं खुंट सांगितला. कुणाच्या शेजारी, कुठल्या वळणावर, कुणी ठोकलेला, सगळं.

"तिथे पत्र पोचेल?"

"आज नाही पोचणार, बाई. त्यासाठीच आलेय."

दोन्या ग्रासिएला हसली नाही. तिनं शेजाऱ्याकडून नकाशा ओढून घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सांगितलं. त्या बैठकीतून बाहेर पडल्यावर झोरी समुद्राच्या काठावर एकटी फिरत राहिली. धुक्यात समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. तिला वाटलं, शहर सुटलंय आणि हळूच कुठेतरी निघालंय.

होकार यायला वेळ लागला. इतका, की मधे एक निवडणूक झाली, पिनेदो निवृत्त झाले, आणि वस्तीत लोकांनी विषय सोडून दिला. मग एकदा कोरड्या दिवसांत, घरं चिखलावर बसलेली असताना, माणसं आली आणि खुंटांना पत्त्याच्या निळ्या पट्ट्या ठोकू लागली. आमच्या गावापुरताच तो नियम, प्रयोग म्हणून. लुस्मिलानं आपली पट्टी रोज पुसायला सुरुवात केली. बँकेत मासेवाल्या बायका नवे झगे घालून गेल्या. दवाखान्याचा तराफा आला तेव्हा त्याला बांधायला खुंटच नव्हता, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी दोन्या एर्लिंदानं आपला तो मोकळा खुंट दिला, आणि भाडं घेणार नाही म्हणून सगळ्यांना चारचारदा सांगितलं. पाण्याची पाइप मात्र अर्ध्या वस्तीपर्यंतच पोचलीय. बाकीच्या अर्ध्यासाठी झोरी अजून भांडते.

आता ती नदीकाठच्या गावांचं काम बघते. अशी गावं खूप आहेत आणि प्रत्येक ठिकाणी खुंट वेगळे, भांडणं वेगळी. मागच्या महिन्यात खालच्या अंगाच्या एका वस्तीतून दोन बायका तिला न्यायला आल्या. मी तिला लाँचवर सोडायला गेले. डेकवर झोपायच्या झोळ्यांची दाटी, मधून कोंबड्या, केळ्यांचे घड, कुणाचं तरी रडणारं बाळ. तिनं आपली झोळी दोन खांबांना बांधली आणि त्या बायका तिला आपल्या गावचं सांगायला लागल्या. ती डोळे मिटून ऐकत होती, मधेच एखादा प्रश्न विचारत होती. लाँच काठापासून सुटली. नदीवर धुकं होतं, त्यामुळे ती कधी दिसेनाशी झाली ते मला नीट सांगता येणार नाही. त्या बायकांचा बोलण्याचा आवाज मात्र पाण्यावरून बराच वेळ येत राहिला.