योगिताचे अठरा सेकंद

"याले वजन नही." योगिताच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. धुळ्यातल्या ज्या ॲनिमेशनच्या क्लासमध्ये मी शिकवायचो, तिथं नव्या मुलांना पहिल्या दिवशी क्लासचा डायनासोर दाखवायची पद्धत होती. संचालकांनी तो कुठूनसा तयार विकत आणला होता आणि पोटच्या पोराचं करावं तसं त्याचं कौतुक करायचे. तो जंगलातून चालत येतो, जबडा उघडतो, मुलं टाळ्या वाजवतात. त्या दिवशीही वाजवल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून ही किडकिडीत मुलगी म्हणाली, याला वजन नाही. पाय टेकतो पण पोट हलत नाही, मान डुलत नाही. "फुगा शे तो." तिच्या बोलीला सगळे हसले. मला मात्र राग आला, कारण दोन वर्षं मी तो फुगाच दाखवत होतो आणि ते मला ठाऊक होतं.

योगिता सोनगीरची, तांबटाची मुलगी. रोज एसटीनं यायची आणि वाटेत दिसेल ते वहीत काढायची. शोरील म्हणजे आपल्या कामाची मिनिटभराची फिल्म. तीच दाखवून या धंद्यात नोकरी मिळते, त्यामुळे वर्षभर सगळ्यांच्या डोक्यात तेवढा एकच विषय. बाकीची मुलं रोबो आणि तलवारी करत होती. हिच्या वहीत टेम्पोतून उतरायला तयार नसलेली शेळी, ओली गोधडी दोन टोकांनी पिळणाऱ्या जावा-जावा, चालत्या एसटीत पाय फाकवून उभा असलेला कंडक्टर. दर आठ दिवसांनी एक कल्पना आणायची आणि पुढच्या आठ दिवसांत स्वतःच मोडीत काढायची. मी म्हटलं, शेळी चांगली आहे, तीच कर. "शेळी चांगली शे सर, मीच चांगली काढी नही." तिचं कौतुक करायचीही सोय नव्हती. दुसऱ्यांच्या कामावरही ती अशीच तोंडावर बोलायची. एका मुलीला तिनं रडवलं आणि माफी मागितली नाही. मला ती अनेकदा डोक्यात जायची, हे लपवण्यात अर्थ नाही.

शेवटी तिला तिचं काम घरात सापडलं. मला दाखवायला सोनगीरला घेऊन गेली. तिचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणत, ओसरीत बसून तांब्याचा हंडा मठारत होते. एका हातानं ठोका, दुसऱ्या हातानं हंडा केसभर पुढे. योगिता शेजारी मोबाइल धरून ठोके मोजत बसली होती. मी नानांना विचारलं, कुठे मारायचं ते कसं ठरवता? ते मान वर न करता म्हणाले, "भांडं मांगस तव्हयच ठोका देवाना." म्हणजे भांडं मागेल तेव्हाच ठोका द्यायचा. मग एक ठोका चुकला, त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, जरा थांबले आणि पुन्हा सुरू केलं. योगितानं तेवढंच उचललं. अठरा सेकंद, हातानं काढलेली दोनशे सोळा चित्रं. चार महिने ती तेच काढत होती, खोडत होती. पूर्ण झालं तेव्हा मी एकट्यानं ते पाहिलं आणि ठोका चुकला तेव्हा माझा स्वतःचा अंगठा मुठीत गेला. इतकं खरं काम मी पुण्यात स्टुडिओत नोकरीला होतो तेव्हाही पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास कळलं, पुण्याचा एक स्टुडिओ जळगावला येऊन मुलं निवडणार आहे. संचालकांनी फर्मान काढलं, प्रत्येकाच्या शोरीलची सुरुवात क्लासच्या डायनासोरनं व्हायला हवी, नाहीतर सर्टिफिकेट नाही आणि जळगावही नाही. योगिता सरळ नाही म्हणाली. दोन दिवस ती आणि संचालक भांडत होते. समजूत घालायला मला पाठवलं. मी म्हटलं, दहा सेकंदांचा तर प्रश्न आहे, पुढे तुझंच आहे ना. तिनं विचारलं, "पुढलं देखाले कोनी थांबी का सर?" मी म्हणालो, थांबतात, शेवटपर्यंत बघतात, मी असल्या स्टुडिओत काम केलंय. मी तिथं काम केलं होतं म्हणूनच मला माहीत होतं, की कोणी थांबत नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता. तिनं डायनासोर लावला.

जळगावला एका कॉलेजच्या खोलीत स्टुडिओच्या एक बाई लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. आमची चौदा मुलं. पहिल्याचा डायनासोर त्यांनी पूर्ण पाहिला. तिसऱ्याला हसल्या. पाचव्यापासून जबडा उघडायच्या आत पुढचं नाव घेऊ लागल्या. योगिता नववी. डायनासोरनं दोन पावलं टाकली आणि बाईंनी बंद केलं. योगिता म्हणाली, "मॅडम, पुढे माझं काम आहे." बाई सौम्यपणे म्हणाल्या, "सगळ्यांचंच असतं गं. नेक्स्ट." मी चार पावलांवर उभा होतो. 'पुढचं बघा' एवढे दोन शब्द बोलायचे होते. शेजारी संचालक उभे होते आणि मी मूग गिळून राहिलो. आजही ती खोली आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्या आगीत संचालक कमी, मीच जास्त असतो.

स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट पाहताना मी तिला म्हटलं, माझी चूक झाली. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "चूक नही सर. तुमले माहीत व्हतं." मग ती गाडीत पुढे जाऊन बसली. सर्टिफिकेट न्यायला ती आली नाही. चाळीसगावला कुठल्याशा दुकानात लग्नपत्रिकांचे व्हिडिओ करते, एवढं कळलं.

यंदा नवीन मुलं आली तेव्हा संचालकांना उशिरा शहाणपण सुचलं. डायनासोर जुना झाला, म्हणाले. क्लासच्या कॉम्प्युटरवर योगिताची फाइल होतीच. तिचे अठरा सेकंद त्यांनी सगळ्यांच्या शोरीलच्या सुरुवातीला लावायला सांगितले. तिचं नाव कुठेच नव्हतं. ज्यांनी हातोडी जन्मात धरली नाही, अशी मुलं नानांना आपलं काम म्हणून दाखवणार होती. मी त्या दिवशीही गप्पच होतो. सोनगीरच्याच एका मुलानं तिला ते मोबाइलवर पाठवलं. दुपारी तिचा फोन आला. ओळख नाही, चौकशी नाही. "सर, मना बाप आते किती जनसना शे?"

किती जणांचा बाप, ते मोजत न बसता मी वर्गात गेलो, मुलांना उठवलं आणि एकेका कॉम्प्युटरवरून ती फाइल पुसली. संचालक दारात उभे राहून ओरडत होते. त्यांना जे बोलायचं होतं ते सगळ्यांसमोर बोललो. त्यांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी जिना उतरलो आणि रस्त्यातच योगिताला फोन लावला. सांगितलं सगळं, अगदी शेवटापर्यंत. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

तिनं ऐकून घेतलं. मागे दुकानातली सनई वाजत होती.

"हाई जळगावले बोलानं व्हतं, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.