राखीव रकमेचं जेवण

बांधकामाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये रिटेन्शन, म्हणजे बिलातून मागे ठेवलेली राखीव रक्कम, हे आता एक कळ दाबायचं काम झालं आहे. मिस्त्रीचं बिल टाकलं की शेकडा पाच रुपये आपोआप कापले जातात, वेगळ्या खात्यात जाऊन बसतात आणि मुदत भरली की पडद्यावर लाल अक्षरांत उगवतात. मी हे डोळे मिटून करते. पण नव्वदच्या दशकात उचगावच्या आमच्या ऑफिसात राखीव रक्कम द्यायची म्हणजे साइटवर जाऊन जेवावं लागायचं, असं सांगितलं की आमच्याकडच्या नव्या मुली तोंडावर हात ठेवून हसतात. हसू देत बापड्या.

आमचे मालक कंत्राटदार होते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तेव्हा कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्या ऑफिसच्या इमारती आम्ही बांधायचो. प्रत्येक मिस्त्रीच्या बिलातून थोडे पैसे मागे ठेवायचे आणि एक पावसाळा काम टिकलं की ते द्यायचे, ही पद्धत सगळीकडचीच. पुढचं मात्र फक्त आमच्या मालकांचं. पावसाळा सरला की ते त्या मिस्त्रीला घेऊन साइटवर जायचे, त्याच्याच स्लॅबखाली सतरंजी टाकून बसायचे आणि त्याच्या घरून आलेला डबा खायचे. घास तोंडात आणि नजर छताला. कुठं ओल दिसली नाही की हात धुऊन तिथल्या तिथं पैसे मोजायचे. मी पैशाची पिशवी आणि व्हाउचर घेऊन शेजारी बसलेली असायची.

"उभ्यानं बघणारा मानूस घाईत असतोय," मालक म्हणायचे. "जेवाय बसला की निवांत बघतोय."

गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून गळती थांबवणारे एक मिस्त्री होते, उचगावातलेच. मी त्यांना काका म्हणायची. मालकांच्या स्वतःच्या बंगल्याची गच्चीसुद्धा त्यांनीच केली होती. काका आमच्या समाजातले, म्हणजे आम्ही दोघंही बौद्ध. मोठ्या घरातले मालक सगळ्या गड्यांसमोर आमच्या काकांच्या घरची भाकरी खातात, हे आमच्या गल्लीत कौतुकानं सांगितलं जायचं. त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालायचे. काकू पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या आणि मालकांना आवडते म्हणून सुकटीची चटणी करायच्या. मला त्या कौतुकाचा राग यायचा. आमच्या हातचं खाल्लं यात कसली मेहेरबानी? घरी मी तसं बोलूनही दाखवायची. पण मालकांनी दुसऱ्यांदा चटणी मागितली की काकांचा चेहरा असा फुलायचा, की माझा राग कुठल्या कुठं पळायचा.

मग नवं शतक उजाडलं, आणि मालकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, बोलणं जड झालं, ऑफिसला येणं थांबलं. पुण्यात शिकून आलेल्या धाकट्या मालकांनी कारभार हातात घेतला आणि पहिल्याच महिन्यात कॉम्प्युटर आणला. खोटं कशाला सांगू, मला तो फार आवडला. कुणाचं राखीव किती, कधी द्यायचं, सगळं एका पडद्यावर. काकांच्या कागलच्या कामाची मुदत भरली, पडद्यावर लाल ओळ आली, मी चेक काढला, धाकट्या मालकांनी सही केली, सुपरवायझरनं नेऊन दिला. कुणाला कुठं जावं लागलं नाही.

पण बँकेचा ताळा घ्यायला बसले की तो चेक वटलेला नसायचा. एक महिना गेला, दुसरा गेला, दिवाळी गेली. असं करता करता चेकची मुदत संपली. "हरवला असेल," धाकटे मालक म्हणाले. "नवा काढा." मी नवा काढला आणि स्वतःच घेऊन काकांच्या घरी गेले.

चेक हरवला नव्हता. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीमागून काकांनी तो काढून दाखवला.

"भरला का न्हाई, काका?"

"कशापायी भरू? जेवाय कोन आलं न्हाई."

"आता सगळं कॉम्प्युटरवर असतंय. तारीख झाली की चेक निघतोय."

"व्हय की. तारीख बघून दिला. काम कुनी बघितलं?" काका म्हणाले. "स्लॅब गळाय लागला आसता, तरी दिला आसताच की."

मी म्हटलं, मग मीच येते उद्या, मी जेवते तुमच्या स्लॅबखाली. काका हसले.

"तू घरचीच पोर. तू रोज जेवलीस तरी त्ये जेवान न्हवं."

मला ते लागलं, कारण ते खरं होतं. मी उठले ती सरळ कोल्हापुरात मालकांच्या बंगल्यावर गेले आणि सगळं सांगितलं. धाकटे मालक तिथंच होते. कारखाना आता सुरू झालाय, गेटपासशिवाय आत सोडत नाहीत, बाबांना एवढं चालवणार नाही, असं ते समजावू लागले. त्यांचंही चुकत नव्हतं. मालक शब्द जुळवत म्हणाले, "त्येला डबा घिऊन... हिकडं बोलीव."

रविवारी काका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. चपला फाटकापाशीच काढल्या आणि व्हरांड्यात उभे राहिले. मालकीणबाई बाहेर आल्या आणि "आत या की, भाकरी गार व्हायला लागली," म्हणत त्यांना थेट जेवणाच्या टेबलापाशी घेऊन गेल्या. डबा उघडल्यावर सुकटीचा वास घरभर पसरला. मालकांनी डाव्या हातानं भाकरी मोडली. चटणी शर्टावर सांडली, पण भरवायला आलेल्या मुलाला त्यांनी नजरेनंच मागं सारलं. थोडं खाल्लं, आणि जुन्या सवयीनं मान वर केली.

"ह्यो बी... तुझाच स्लॅब."

"व्हय मालक."

"कोरडा हाय."

"आसंल की."

मालक छताकडंच बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या घराचं जेवान... ऱ्हायलंतं व्हय रं?"

काकांनी मान खाली घातली. पुढं ते जे बोलले त्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, म्हणूनच ते माझ्या कानातून अजून जात नाही.

"वर गच्चीवर म्हैनाभर हुतो, मालक," ते म्हणाले. "खाली घरात आजच आलो."

मालकांचा हात ताटात थांबला. मग त्यांनी ताट काकांच्या पुढं सरकवलं आणि "वाढ आनखी," म्हणाले. मला रडूही आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. पर्समधला नवा चेक मी निघताना काकांच्या हातात दिला, आणि तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी बँकेत भरला.