आईला वाघ पाहायचा होता

आईनं आजवर माझ्याकडे तोंड उघडून तीनच गोष्टी मागितल्या. एकदा चहाची गाळणी, एकदा गुडघ्याला लावायचं तेल आणि गेल्या हिवाळ्यात वाघ.

"मले वाघ पाहाचा हाये," ती फोनवर म्हणाली. तूर घरी आली, हे सांगावं त्याच सुरात.

मी म्हटलं, "टीव्हीवर रोज दाखवतात की."

"टीव्हीतला नाही, खरा. ज्याच्या भेवानं मी इतक्या राती जागून काढल्या, त्याचं तोंड त पाहू दे एकडाव."

आमचं घर कळंबच्या पलीकडे एका गावाच्या टोकाला आहे, मग नाला, आणि नाल्यापलीकडे वावर. वावराला लागून रान. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून बाबा वर्षानुवर्षं रात्रीचे आरोळ्या देत वावरातल्या मचाणावर असायचे. याला आमच्याकडे जागली म्हणतात. त्या रानात वाघ आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कधी कुणाची कालवड जायची, कधी ओल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पंजा उमटलेला दिसायचा. बाबा म्हणायचे, "वाघाले माह्याशी काय काम हाये?" आणि टॉर्च घेऊन निघायचे. आई दाराला कडी लावून आत. दोन वर्षांपूर्वी भावानं वावराभोवती सौर कुंपण घातलं, झटका मशीन, आणि जागली बंद झाली. बाबा अजून त्या मशीनकडे नव्या जावयाकडे पाहावं तसं पाहतात. तोंडावर काही बोलत नाहीत, पण भरवसा म्हणून नाही.

तर मी टिपेश्वरच्या सकाळच्या फेरीची तीन जागांची नोंदणी केली. मी यवतमाळला शाळेत शिकवते आणि मला सूचना द्यायची वाईट खोड आहे, असं माझ्या घरचे म्हणतात. त्यांचं काय ऐकायचं! आदल्या संध्याकाळी दोघं माझ्याकडे आले, तेव्हा जेवणाच्या पाटावरच मी सुरुवात केली. भडक रंगाचं लुगडं नेसायचं नाही. जीपमध्ये उभं राहायचं नाही. वाघ दिसला तर बोट दाखवून ओरडायचं नाही. आणि बाबांकडे वळून खास बजावलं, "तिथं तंबाखू नाही, थुंकणं नाही आणि बोलणं तर अजिबात नाही."

"मी काहून बोलीन?" बाबा म्हणाले. "मले त वाघ पाहाचाच नाही. हिच्यासाठी येऊन राह्यलो."

पांढरकवडा मागे टाकून फाटकाशी पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. थंडी अशी की आईनं दोन स्वेटर घातले होते आणि बाबांनी दुपट्टा कानाला गुंडाळला होता. उघड्या जिप्सीत पुढे ड्रायव्हर आणि गाईड, मागे आम्ही तिघं. आईनं मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर केलेला नवा चष्मा पदरानं पुसून पुसून लख्ख केला. ती उजव्या कडेला बसली आणि दांडी घट्ट धरून जी पाहू लागली, ती पापणी लवायलाही तयार नव्हती.

पहिल्या अर्ध्या तासात चितळांचा मोठा कळप दिसला. मी हरखून बाबांना कोपरानं ढोसलं. ते थंड.

"हे पाहाले इतक्या दूर आणलं? आपल्या सोयाबीनमंधी याहून जास्त रायते."

"बाबा, नियम."

"हाव, हाव."

मग सांबर दिसलं, मोर दिसले, चिखलात बसकण मारलेलं रानडुक्कर दिसलं. त्याच्याकडे बाबांनी जुन्या भावकीतल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. वाघाचा मात्र पत्ता नव्हता. उन्हं वर आली. आईचा धीर सुटत चालला होता, ते तिच्या दांडीवरच्या बोटांवरून मला कळत होतं. मनातल्या मनात मी कळंबच्या चिंतामणीला नारळ बोलून टाकला. मी असल्या गोष्टी करत नाही, पण म्हटलं, बघू.

आणि एका वळणावर गाईडनं हात वर केला. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. लांबून चितळाचा एक तीक्ष्ण आवाज आला, पुन्हा आला. गाईड कुजबुजला, "कॉल आहे, चितळाला वाघाची चाहूल लागलीय. त्या झुडपात बसला असेल. आता निघेल, उजवीकडून. कुणी हलू नका."

समोर मोठं गवताळ मैदान होतं. पूर्वी इथं गाव होतं, गाव उठलं, ही त्यांची शेतं, असं गाईडनं मघाच सांगितलं होतं. गवतातून जुन्या धुऱ्यांच्या रेषा अजून दिसत होत्या. बाबा पहिल्यांदाच सावरून बसले. दबक्या आवाजात मला म्हणाले, "काळी जमीन हाये. कपाशी चांगली होत असंल इथं." मी डोळे वटारले. पण त्यांची नजर त्या धुऱ्यावरून हलेना.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. आमच्या मागं आणखी एक जिप्सी येऊन थांबली. तिच्यातल्या एका माणसाकडे हातभर लांबीचा कॅमेरा होता. सगळे श्वास रोखून उजवीकडच्या झुडपाकडे पाहत होते. आई तर दगड झाली होती.

एवढ्यात डावीकडून रोही आले. सात-आठ असतील. पुढे एक काळाभोर नर. ते डुलत डुलत धुऱ्यापाशी आले, क्षणभर थांबले आणि धुरा ओलांडून आत शिरले.

बाबा उठले. उठले म्हणजे उभेच राहिले, गाडीत, दुपट्टा कानावरून ओढून काढत. तोंडाशी दोन्ही हात धरले आणि,

"हाऽऽऽर्र! हुऽऽर्र! हेऽऽ हो हो हो!"

शिवाय जिप्सीच्या पत्र्यावर पंजानं धडाधडा थापाही मारल्या, डबा वाजवावा तशा. रोही उधळले. झाडांवरचे बगळे उडाले. आणि उजवीकडच्या झुडपातून तो उठला. पिवळा, मोठा, कंटाळलेला. आमच्याकडे न बघता चार ढांगांत त्यानं रस्ता ओलांडला आणि सागांत नाहीसा झाला. मी पाहिला. गाईडनं पाहिला. बाबांनी तर उभ्यानं, सगळ्यांत छान पाहिला. मागच्या गाडीतला माणूस कॅमेरा सोडून कपाळाला हात लावून बसला.

"काका!" गाईड एवढंच म्हणाला.

"वावरच वाटलं बा," बाबा म्हणाले आणि मटकन खाली बसले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

मी आईकडे वळले. "दिसला ना?"

तिनं मान हलवली. नाही.

मग मी बाबांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. कुजबुजत बोलले, पण शाळेतल्या मुलांनासुद्धा मी कधी तसं बोललेली नाही. तिनं एवढी एक गोष्ट मागितली होती, तुम्हाला तेवढाही दम निघाला नाही, वगैरे. राग खरा होता, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. परतीच्या वाटेवर वाघ दिसला नाही.

फाटकाबाहेर एका टपरीवर चहा घेतला. बाबा थोडे लांब, बाकाच्या टोकाला बसले होते. मी आईला म्हटलं, "पुन्हा येऊ. आपण दोघीच येऊ. पण मला एक सांग, तो समोरून गेला गं, एवढा मोठा. तुला दिसला कसा नाही?"

"दिसला असता. मी तिकडं पाहूनच नोती राह्यली."

"मग कुठं पाहत होतीस?"

तिनं हनुवटीनं बाबांकडे खूण केली. "यायच्याकडं."

मला काही कळेना. आईनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"एवढे वर्सं घरात पडून ते आरोळी आयकली मी. आरोळी आली का समजाचं, माणूस हाये. मंग कूस बदलून झोपाचं. नाही आली त उठून बसाचं, येईपर्यंत. पण आरोळी देतानी हे कसे दिसते, ते कधी पाह्यलंच नोतं." ती चहा प्यायली. "मंग वाघाकडं कोण पाहते?"

मघाशी कुजबुजत बोललेला एकेक शब्द मला आठवला आणि टोचला. बाबांना ऐकू गेलं होतं. ते दुपट्ट्याची घडी घालत बसले, मोडून पुन्हा घातली. मग आमच्याकडे न पाहता म्हणाले, "आवाज बसला आता. पह्यलेसारखा नाही रायला."

"नाही," आई म्हणाली. "नाल्याच्या अलीकडं आयकू आला असता."