सुरियालच्या वाट्याची भाकरी

बुक्तोर मुळातच भित्रा. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि त्याची त्याला स्वतःलाही फारशी लाज नव्हती. लहानपणी तो कालव्यावरच्या कुत्र्यांना घाबरायचा, मोठेपणी पोलिसांना, आणि लग्न झाल्यावर बायकोला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. बुक्तोरच्या पाठी त्या ब्रह्मराक्षसाचं अख्खं खटलंच लागलेलं होतं. मिन्या शहराला जायचं म्हटलं तरी तो मिनीबसमध्ये दाराशी बसायचा, म्हणजे वेळ आली तर पटकन उडी मारता येईल. अशी वेळ कधी आली नाही, पण तो दाराशीच बसत राहिला.

एकाच जागी त्याला भीती वाटत नसे. चर्चच्या मागच्या कोपऱ्यात एक काळवंडलेली, बुटक्या दाराची खोली आहे, तिला सगळे बेथलेहेम म्हणतात. तिथे वेदीवर चढणारी भाकरी, म्हणजे कुर्बान, भाजली जाते. त्याच्या मामाने त्याला त्या खोलीत आणून बसवलं तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. मामा म्हणाला होता, तू शेतात कामाचा नाहीस, बाजारात कामाचा नाहीस, इथे बस, इथे तुला कोणी चावणार नाही. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी तो तिथेच होता.

काम साधं आहे असं बघणाऱ्याला वाटतं. पांढरं पीठ, पाणी, खमीर. मीठ नाही. करणाऱ्याच्या पोटात अन्नाचा कण नाही आणि तोंडात स्तोत्रांखेरीज शब्द नाही. बुक्तोर मळायला लागला की पहिल्या स्तोत्रापासून सुरू करायचा आणि दीडशेव्यापर्यंत जायचा. घड्याळ त्या खोलीत कधी नव्हतंच. अमुक स्तोत्राला कणीक हाताला चिकटायची थांबते, तमुक स्तोत्राला ती झाकून ठेवायची, पुढच्या अमक्याला गोळे करायचे, त्यावर क्रुसांचा लाकडी ठसा दाबायचा आणि काडीने पाच भोकं पाडायची. तीन क्रुसाच्या खिळ्यांची, एक काट्यांच्या मुगुटाचं, एक भाल्याचं. ती भोकं अर्थासाठी असतात तशी वाफेसाठीही. घरची भाकरी टम्म फुगली की बाई खूश होते. कुर्बान फुगलं तर ठसा फाटतो आणि मग ते वेदीवर चालत नाही. भोकं पाडायचं बुक्तोर कधी विसरला नव्हता. झोपेतसुद्धा त्याची तर्जनी पाच वेळा हलते, असं इन्साफ, त्याची बायको, सांगायची.

त्यांना एकच मुलगा, सुरियाल. बापाचा एकही गुण न घेतलेला. कालव्यात उडी मारणारा, कुत्र्यांना दगड न मारता नुसतं ओरडून पळवणारा. गावात काम नव्हतं. तो आधी लिबियात गेला, बांधकामावर, आणि तिथून एक दिवस त्याने फोन केला की तो बोटीने पलीकडे, इटलीला निघालाय. बुक्तोरला जाऊ नको म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच, स्वेटर घेतलास का म्हणून. पोरगा हसला. म्हणाला, "बाबा, समुद्र एकदम गप्प आहे. तुमच्यासारखा."

त्यानंतर फोन आला नाही. बोटीवर बसवणाऱ्या दलालाचा नंबर आधी वाजायचा, मग वाजायचाही बंद झाला. हाज्ज मुतवल्लींच्या चहाच्या दुकानातल्या टीव्हीवर बोट उलटल्याची बातमी आली, कुठली बोट, कोण होते, काहीच सांगितलं नाही. तेव्हापासून बुक्तोर लांबून येताना दिसला की हाज्ज मुतवल्ली उठून टीव्हीवर फुटबॉल लावायचे. त्यांना फुटबॉल आवडत नाही. गावातले लोक त्याला आधी 'सुरियालचा बाप' म्हणून हाक मारायचे, आता सगळे एकाएकी 'मुअल्लिम बुक्तोर', म्हणजे उस्ताद बुक्तोर, म्हणायला लागले. लोकांच्या मनात माया होती, पण बुक्तोर त्या मायेलाच घाबरायचा. ह्यांना काही कळलंय की काय, असं त्याला दर वेळी वाटायचं.

तुम्ही म्हणाल, असा माणूस दिवसरात्र देवाचा धावा करत असेल. इथेच त्याची गोची झाली होती. सुरियालचं नाव घेऊन तो एकदाही प्रार्थनेला उभा राहिला नव्हता. त्याला वाटायचं, आपण विचारलं तर उत्तर येणार. आणि उत्तर 'नाही' असं आलं तर मग झालंच, त्यानंतर काही उरत नाही. विचारलंच नाही तर पोरगा निदान मधल्यामध्ये कुठेतरी राहतो. बालपणी कुत्रं दिसलं की तो डोळे मिटून उभा राहायचा, तसा आता तो देवासमोर डोळे मिटून उभा होता. हळूहळू त्याच्या मनात दुसरीच पाल चुकचुकायला लागली. पलीकडे कोणी आहे का? की आपण इतकी वर्षं पिठालाच स्तोत्रं ऐकवत होतो? ह्या विचाराने त्याला समुद्रापेक्षा जास्त धडकी भरली.

स्तोत्रांमध्ये एक असं आहे की ज्यात म्हणणाऱ्याच्या गळ्याशी पाणी आलंय, पायाखाली चिखल आहे, उभं राहायला जागा नाही. बुक्तोर त्याच्याशी आला की थांबायचा. आधी तेवढंच गाळायचा. मग त्याच्या आधीचं आणि नंतरचंही जायला लागलं. गेले काही रविवार तर तो नुसते ओठ हलवत होता. कुर्बान मात्र ठीक होत होतं, हातांना सवय होती. त्याने भीती कमी होण्याऐवजी वाढली. अख्खं गाव उपाशीपोटी येऊन रांगेत उभं राहतंय, आणि आपण त्यांच्यासाठी मुक्याने मळलेलं पीठ पाठवतोय. कोणाला कळलं तर?

एकाला कळलं होतं. चर्चमधले गायक लमई जन्मांध. पहाटे लवकर येऊन ते बेथलेहेमच्या भिंतीला पाठ लावून बसायचे, कारण ती भिंत भट्टीने गरम असते. एकदा ते बाहेरून म्हणाले, "बुक्तोर, तुझी स्तोत्रं हल्ली लंगडतायत रे. म्हातारी झाली का?" बुक्तोरने घसा बसल्याचं सांगितलं. लमई बरं म्हणाले, पण तिथून उठले नाहीत.

आणि घरी डबा होता. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर उरलेली कुर्बानं चर्चचे पुरोहित अबूना सिदराक सगळ्यांना आशीर्वाद म्हणून वाटतात; जो आला नाही त्याच्या वाट्याची घरी न्यायची पद्धत आहे. इन्साफ दर रविवारी सुरियालच्या वाट्याची आणायची आणि पाश्चाच्या सणाच्या बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. वाळून खडखडीत झालेल्या त्या भाकऱ्यांवर आणखी एक. पोरगा येईल तेव्हा सगळ्या भिजवून त्याला खायला घालीन, उपास टाळून पळाला ना, असं ती म्हणायची. बुक्तोर त्या डब्याकडे बघत नसे. पण न बघताही त्याला माहीत होतं तो किती भरलाय. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, की डबा भरेपर्यंत सुरियालचा फोन आला तर आला. डबा भरला की पोरगा गेला.

प्रेषितांच्या उपासाच्या दिवसांतला तो रविवार. शनिवारी संध्याकाळी जेवताना इन्साफ सहज म्हणाली, "डब्यात आता एकच मावेल हो, सुरियालचे बाबा."

गावाने टाकून दिलेली हाक ती एकटीच अजून मारायची. बुक्तोरने ताट बाजूला सारलं.

पहाटे तो बेथलेहेममध्ये आला आणि कामाला लागला. मळलं, झाकलं, गोळे केले, ठसे मारले. ओठ हलवायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. भट्टीत सरकवल्यावर तो नेहमीसारखा वाकून बघत राहिला, आणि बघता बघता पहिली भाकरी टम्म फुगली. मग दुसरी. मग सगळ्या, एकजात, सणाच्या घरच्या भाकऱ्यांसारख्या गोल गरगरीत. ठशातले क्रूस उकलून फाटले होते. काडी कोनाड्यात होती तशीच होती.

तो मटकन खाली बसला. पलीकडे चर्चमध्ये लोक जमत होते. कुर्बान नाही म्हणजे मिस्सा नाही. हे उत्तरच आहे, त्याला वाटलं. आपण विचारलं नाही तरी त्याने दिलंच.

कुर्बानांची टोपली आली नाही म्हणून अबूना सिदराक स्वतः बघायला आले. दारात वाकून त्यांनी भट्टीत पाहिलं, मग बुक्तोरकडे. हे अबूना आधी शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचा आवाज मोठा आणि त्यांना पटकन राग यायचा, आणि बुक्तोर त्यांनाही घाबरायचा. पण आता घाबरायला काही शिल्लकच नव्हतं, म्हणून त्याने सगळं सांगून टाकलं. ओठांचं, गाळलेल्या स्तोत्रांचं, डब्याचंही. एवढी मंडळी कित्येक रविवार माझ्या हातचं खोटं खात आलीत, तो म्हणाला, मला इथून काढा.

अबूनांनी कपाळाला हात लावला. "आणि पोरासाठी?"

"नाही मागितलं. देव नाही म्हणाला तर काय करू?"

"म्हणजे तू गप्प बसलास म्हणून देवाला सुरियालचं नाव आठवणार नाही, असं तुला वाटतं?" अबूना म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, वर्गातला. "अरे, तुझी भाकरी खोटी असेल तर माझे हात काय सोन्याचे आहेत? भाकरी त्याच्यामुळे पावन होते, तुझ्या धीरामुळे नाही. ऊठ. पुन्हा मळ. आम्ही थांबतो."

बुक्तोर म्हणाला, मला ते स्तोत्र म्हणता येत नाही. अबूना म्हणाले, मग लमई म्हणतील, तू मळ. बाहेर जाऊन त्यांनी लोकांना सांगितलं की आज कुर्बान उशिरा येईल, तोवर बसा आणि देवाचं नाव घ्या. कोणी का म्हणून विचारलं असेल तर ते आत ऐकू आलं नाही.

लमई चाचपडत आले, उंबऱ्यावर बसले आणि नाकाने हवा ओढून म्हणाले, फुगलेल्या माझ्यासाठी ठेव, मिस्सानंतर खाईन, असा नाश्ता फार दिवसांत मिळाला नाही. मग त्यांनी पहिलं स्तोत्र सुरू केलं. बुक्तोरने परातीत पीठ घेतलं. म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत. कणीक हाताला चिकटायची थांबायची ती त्याच स्तोत्राला थांबली. पलीकडून चर्चमधली कुजबुज ऐकू येत होती, लहान पोरं भुकेने किरकिरत होती. बुक्तोर मोजत नव्हता, पण त्याच्या मनगटांना कळत होतं की पाण्याचं स्तोत्र जवळ येतंय.  लमई त्या स्तोत्राच्या तोंडाशी आले आणि थांबले.

"पुढचं मला पाठ नाही," ते म्हणाले.

ज्या माणसाला दीडशेच्या दीडशे उलटी म्हणता येतात त्याने हे सांगावं! बुक्तोर त्यांच्याकडे बघत राहिला. म्हातारा मिटल्या डोळ्यांनी बसला होता, जणू सबंध दिवस मोकळा आहे.

कणीक परातीत थंड पडायला लागली. तशी सोडली तर ती फुकट जाते, हे हातांना कळत होतं, आणि हातच आधी हलले. मग आवाज आला. पहिली ओळ त्याने म्हटली ती कोणाला ऐकू येण्यासारखी नव्हती. पाणी गळ्याशी आलं, दुसऱ्या ओळीत चिखल आला, आणि बुक्तोरला सुरियाल दिसला. इतके दिवस त्याने जे बघायचं टाळलं होतं ते सगळं त्याला दिसलं, काळं पाणी आणि त्यात स्वेटर घातलेलं पोरगं. तो रडत रडत म्हणत राहिला, मळत राहिला. स्तोत्राचे शब्द संपले तरी तो थांबेना. म्हणाला, "प्रभू, माझा सुरियाल. मला भीती वाटते. तू आहेस की नाही ह्याचीही भीती वाटते. तो कुठेही असो, वर असो की खाली, त्याचा हात धर. मी विचारतोय. आता विचारलं मी."

कसलाही आवाज आला नाही. भट्टीत लाकूड तडकलं, तेवढंच. भीती होती तेवढीच होती, बुक्तोरने मनातल्या मनात चाचपून पाहिली. फक्त आता तो तिच्यासोबत एकटा नव्हता, असं त्याला वाटलं. असं वाटणं खरं की खोटं हे ठरवायला वेळ नव्हता, कारण कणीक झाली होती. लमईंना पुढची सगळी स्तोत्रं आपोआप पाठ झाली. उन्हाळ्याचे दिवस, खमीर जरा जास्त, गोळे लवकर वर आले. बुक्तोरने ठसे मारले, काडी घेतली आणि प्रत्येक भाकरीला पाच भोकं पाडली, लमई मोठ्याने मोजत होते.

अबूनांनी वेदीच्या दारात टोपलीवरून हात फिरवला आणि त्यातली एक उचलली, वेदीवर चढवायचं कोकरू म्हणून. उन्हं डोक्यावर यायला लागली होती. लोकांनी उशिराबद्दल बुक्तोरला काही विचारलं नाही. दारात एका म्हातारीने मात्र त्याची बाही ओढून म्हटलं की आजची भाकरी मऊ होती हो, सुरियालच्या बापा. हाक तिच्या तोंडून चुकून गेली असावी, कारण तिने लगेच जीभ चावली. बुक्तोर म्हणाला, "पुन्हा म्हणा, आजी."

घरी इन्साफने निळा डबा खाली काढला आणि त्या दिवसाची भाकरी वर ठेवली. झाकण लावायला गेली तर लागेना. तिने तळव्याने दाबलं, खालच्या वाळक्या भाकऱ्या करकरल्या. तिने हात मागे घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. डब्याचं त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तरी तिच्या चेहऱ्यावर तीच भीती होती. तिनेही मनाशी तेच ठरवलं होतं.

बुक्तोर स्टुलावर चढला. स्टुलावर चढायलाही तो घाबरतो. कपाटावरून त्याने दुसरा डबा काढला, त्यातले खिळे आणि बटणं पलंगावर ओतली, आणि तो रिकामा डबा तिच्या हातात दिला.

"पुढच्या रविवारपासून ह्यात ठेव," तो म्हणाला.

खाली उतरल्यावरही तो स्टूल धरूनच उभा राहिला. इन्साफ डबा धुवायला घेऊन गेली.