अकरा मुलांचा बँड

मे महिन्यात उत्तर ओंटारियोत फिरायला जाऊ नये, असं मी याच ब्लॉगवर पूर्वी ठणकावून लिहिलेलं आहे. बर्फ गेलेला असतो, हिरवं काही आलेलं नसतं आणि काळ्या माश्या माणसाला सोलून काढतात. तरी या वेळी गेले, कारण माझ्या धाकट्या बहिणीचा, मंजिरीचा फोन आला. "ताई, गुरुवारी इराच्या शाळेची कॉन्सर्ट आहे. तू ये. हॉल भरलेला दिसला पाहिजे."

मंजिरी तिथल्या एकुलत्या एका फार्मसीत फार्मसिस्ट आहे. नवरा खाणीत कामाला, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. या वेळी नेमका तिकडे. इरा त्यांची मुलगी, अकरावीत आहे. शाळेच्या बँडमध्ये फ्रेंच हॉर्न वाजवते, म्हणजे ते गोल वेटोळ्याचं पितळी वाद्य. तिला युनिव्हर्सिटीतही म्युझिकच घ्यायचंय. पण बँडचे सर जूनमध्ये रिटायर होणार होते, आणि त्यांच्या जागी कोणाला नेमायचं की विषयच बंद करायचा, ते स्कूल बोर्ड ठरवणार होतं. त्यासाठी बोर्डाच्या एक बाई कॉन्सर्ट ऐकायला येणार होत्या. बारावीला विषयच नसेल तर पोरीने ऑडिशनची तयारी करायची कशी? हॉर्नसुद्धा शाळेचा. स्वतःचा घ्यायचा म्हटलं तर एखादी जुनी गाडी येईल तेवढे पैसे लागतात.

बुधवारी पहाटे हॅमिल्टनहून निघाले. जाणार असाल तर टोरोंटो उजाडायच्या आत मागे टाका, नाहीतर अर्धा दिवस तिथेच जातो. बॅरीपर्यंत ट्रकांची मिरवणूक असते, नंतर हायवे अकरा मोकळा होतो. नॉर्थ बेला टाकी फुल करून घ्या, पुढे पेट्रोल महाग आहे आणि फोनला नेटवर्क अधूनमधूनच मिळतं. वाटेत एका चिप ट्रकवर, म्हणजे फ्राइजच्या गाडीवर, बारा डॉलरची पूटिन खाल्ली. गरम बटाट्यावर चीज आणि ग्रेव्ही, अंगात ऊब येते. तळ्यांच्या कडेला अजून मळकट बर्फाचे तुकडे होते. अंधार पडण्याआधी पोहोचा, रस्त्यावर मूस, म्हणजे तिथली घोड्याएवढी हरणं, येतात. मी चार वाजता पोहोचले.

गावाचं नाव देत नाही, इराने तशी ताकीद दिली आहे. लाकडाची गिरणी बंद झाल्यापासून तिथली माणसं एकेक करून निघून चालली आहेत. मेन स्ट्रीटवरच्या निम्म्या दुकानांच्या काचांना आतून कागद लावलेत. मोटेल शंभरच्या वर आहे आणि तेवढ्याच्या लायकीचं नाही; मी अर्थातच मंजिरीकडे उतरले.

इरा बेसमेंटमध्ये वाजवत बसली होती. मी खाली गेले तर म्हणाली, "मावशी, कम, सी धिस." तिच्यासमोरच्या नोटेशनमध्ये नेहमीच्या सुरांच्या अधेमधे बारीक आकाराचे सूर छापलेले होते. हे काय, विचारलं. तिने मोडक्या मराठीत आणि धडधाकट इंग्लिशमध्ये समजावलं. ते सूर दुसऱ्याच वाद्याचे असतात. ते वाद्य वाजवणारं कोणी नसेल तर आपण आपलं सोडून ते बारीक सूर वाजवायचे, म्हणजे गाणं तुटत नाही. पूर्वी या बँडमध्ये चाळीसेक मुलं होती. आता अकरा उरली आहेत. ट्रम्पेटवाली मैत्रीण मार्चमध्ये वडिलांच्या नव्या नोकरीपायी एडमंटनला गेली, तेव्हापासून तिचा सोलो इरा हॉर्नवर वाजवते. ओबो वाजवणारं कुणी नाही, ते सूर क्लॅरिनेटवाला मुलगा घेतो. बासूनचे सॅक्सोफोनवाली घेते. "वुई कव्हर फॉर एव्हरीबडी," इरा म्हणाली. तिला त्याचा केवढा अभिमान होता. मी मात्र त्या पानावरचे बारीक सूर मोजत बसले.

गुरुवारी सकाळपासून मंजिरीने बटाटेवडे तळले, शाळेतल्या बेक सेलसाठी, म्हणजे घरून करून आणलेल्या खाऊच्या विक्रीसाठी. मी म्हटलं, अगं, तिथे लोक बटर टार्ट घेऊन येणार. तर म्हणे, येऊ देत. मागचा आठवडाभर ती औषध घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला गोळ्यांबरोबर कॉन्सर्टचं आमंत्रणही देत होती. ब्लडप्रेशरवाला असो की गुडघेवाला, कोणी सुटला नव्हता.

कॉन्सर्ट शाळेच्या जिममध्ये होती. बास्केटबॉलच्या रिंगखाली स्टेज, समोर घडीच्या खुर्च्या. तिकीट नाही, दारात डबा ठेवलेला, द्या वाटेल ते. आणि जिम भरली हो! वॉकर घेऊन आजी-आजोबा आले, खाणीतले लोक कामाच्या बुटांतच आले. वडे बटर टार्टच्या आधी संपले. मंजिरी बोर्डाच्या बाईंना पहिल्या रांगेत बसवून आली आणि माझा हात घट्ट धरून बसली.

आधी सहा जणींचा क्वायर झाला. मग जॅझचा छोटा ग्रुप, त्यात ड्रमवरचा मुलगा हुरूपाच्या भरात सगळ्यांच्या पुढे पळत होता आणि बाकीचे धापा टाकत त्याला गाठत होते. लोक हसले, टाळ्याही पडल्या. शेवटी बँड. सर उंच, वाकलेले, कोटाची कोपरं झिजलेली. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण आदल्या दिवशी ते कागद पाहिल्यामुळे मी वेगळ्याच गोष्टी बघत होते. स्टेजवर अकरा मुलं होती आणि आवाज तिप्पट मुलांचा येत होता. एखाद्या मुलाचं स्वतःचं आटोपलं की ते चटकन दुसऱ्याचं उचलत होतं. इराने ट्रम्पेटचा सोलो घेतला तेव्हा ती ओठ चेपून, डोळे मिटून वाजवत होती. कुठेही खळ पडला नाही. संपल्यावर सगळी जिम उभी राहिली. मी रडले, मंजिरीही रडली. त्या क्षणी मला वाटलं, जिंकलो आपण.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी बोर्डाच्या बाई सरांशी बोलत होत्या. आम्ही दोघी शेजारीच उभ्या होतो. बाई अगदी भल्या होत्या, खरंच भारावल्या होत्या. सरांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ऑनेस्टली, आय कुडंट टेल एनीवन वॉज मिसिंग." आणि त्याच गोड आवाजात पुढे सांगू लागल्या की इतकी थोडी मुलं एवढं छान करू शकतात, तर हे लंच-टाइमच्या क्लबमध्येही सहज होईल. पालकांपैकी कोणी लक्ष ठेवलं की झालं. त्यासाठी पूर्ण पगाराचा शिक्षक कशाला?

मंजिरी पुढे झाली. हे सूर सरांनी शिकवले म्हणून मुलांना येतात, हे तिने समजावून पाहिलं. बाईंनी मान डोलावली, वड्यांचं कौतुक केलं, लांब जायचंय म्हणाल्या आणि गेल्या. सर कागदी कप हातात धरून तसेच उभे होते. ते आम्हाला म्हणाले, "एखादी जागा रिकामी सोडायला हवी होती मी. भोक दिसलं असतं."

गाडीत इराने विचारलं, बाई काय म्हणाल्या. मंजिरीने सांगितलं, खूप आवडलं त्यांना. ते खोटंही नव्हतं. पोरगी खुशीत खिडकीतून बाहेर बघत राहिली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

शुक्रवारी परत निघाले. परतीच्या रस्त्याचं काही सांगण्यासारखं नाही. बॅरीनंतर ट्रॅफिक, घरी पोहोचेपर्यंत दहा तास लागले. या सहलीचे फोटोही टाकत नाही. मुलांचे चेहरे टाकणं बरं नव्हे, आणि तळ्यांचे फोटो तुम्ही हजार पाहिलेत. कुणी विचारेल, जावं का तिकडे? छोट्या गावात शाळेची कॉन्सर्ट असली तर जरूर जा. डब्यात चार पैसे टाका. पण आपण जाऊन हॉल भरला की काही वाचतं, या भ्रमात राहू नका. मी होते. हॉल भरला होता, मुलांनी जीव ओतला होता, कुणाचं काही चुकलं नाही, आणि तरीही सगळं गेलं. याहून हताश मी अलीकडे कधी झाले नव्हते. चूक असती तर निदान कुणाला दोष तरी देता आला असता.

जूनमध्ये बोर्डाचा निर्णय आला. विषय बंद. क्लबसाठी एकही पालक पुढे आला नाही. मंजिरीलाही फार्मसी दुपारी बंद ठेवता येत नाही. शेवटच्या आठवड्यात सगळी वाद्यं शाळेत जमा करून घेतली आणि ट्रकमध्ये घालून नेली.

परवा इराने व्हिडिओ कॉल केला. हॉर्नचा माउथपीस, म्हणजे ओठाला लावायचा अंगठ्याएवढा तुकडा, तेवढा तिच्या स्वतःच्या पैशांचा होता, म्हणून तो घरी राहिलाय. नुसत्या त्याच्यावरही ओठांची प्रॅक्टिस करता येते म्हणाली. "मावशी, लिसन, धिस इज द सोलो." तिने तो ओठाला लावला आणि डोळे मिटले. बाटलीत अडकलेल्या माशीसारखी भुणभुण बराच वेळ ऐकू येत होती. ती संपल्यावर तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या. त्यातला एकही सूर मला ओळखू आला नव्हता.