भाजीच्या कप्प्यातला हिवाळा

विषुववृत्ताजवळच्या त्या परदेशी शहरात, वुडलँड्सच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये फ्रीजमधला भाजीचा कप्पा डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत काकांचा असे. त्यात भाजी नसे, हिवाळा असे.

मी तेव्हा नुकताच शिकायला आलो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काका पुण्याचे इंजिनिअर, माझ्या नात्यातले नव्हेत; त्याच फ्लॅटमध्ये शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. पहिल्या डिसेंबरात मी त्या कप्प्यात कोथिंबीर ठेवली. काकांनी ती काढून शांतपणे माझ्या हातात दिली. म्हणाले, "भाजी रोज मिळते. हिवाळा इथे मिळत नाही."

एरवी त्यांची झाडं स्वयंपाकघराच्या खिडकीशी प्लॅस्टिकच्या घमेल्यात असत. ओल्या शेवाळात वाढणारी, किडे खाणारी, थंड मुलखातल्या दलदलीची झाडं. त्यांच्या मुलीने शाळेत असताना याच घरात ती लावली होती. पुढे आईवडील वेगळे झाले आणि ती आईबरोबर लंडनला गेली. जाताना म्हणाली होती, "बाबा, यू विल किल देम, लाह." काका हे तिच्याच सुरात, तिथल्या बोलीतल्या त्या 'लाह'सकट म्हणून दाखवत आणि हसत. आपणही हसावं की नाही, मला कळत नसे.

या झाडांना वर्षातून एकदा थंडीतली झोप लागते. ती मिळाली नाही तर झाडं मरतात. म्हणून नोव्हेंबर संपताना काका एक रविवार राखून ठेवत. काळी पानं छाटायची, मुळं एसीतून गळणाऱ्या पाण्यात धुवायची (नळाचं त्यांना चालत नाही), बुरशी लागू नये म्हणून दालचिनीची पूड भुरभुरायची आणि शेवाळात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रीजच्या त्या कप्प्यात ठेवायचं. बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं.

"काका, हे तर मेलंय," मी एकदा म्हणालो.

"फेब्रुवारीआधी कुणाला मेलं म्हणायचं नाही."

फेब्रुवारीत कोंब दिसला की काका झाड स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीत ठेवून फोटो काढत आणि मुलीला पाठवत. उत्तर येई, "स्टिल अलाइव्ह, आह." वर्षभरात बापलेकीचं बोलणं एवढंच. त्या दिवशी काका भांडी घासताना गुणगुणत.

मग एका जानेवारीत त्यांचा तिथे राहून नोकरी करण्याचा पास वाढवून मिळाला नाही. झाडं अजून झोपेतच होती. पुण्याला परत जाण्याच्या सकाळी त्यांनी ती पिशवी माझ्याकडे दिली.

"मुलीला कळवलंत?" मी चाचरत विचारलं.

"विचारेल तेव्हा सांगीन."

एकट्याला तो फ्लॅट परवडणारा नव्हता, म्हणून मी त्याच शहरात सेंगकांगला एक खोली घेतली. घरमालकिणीची विनवणी करून भाजीचा कप्पा मिळवला. फेब्रुवारीत पिशवी उघडली तेव्हा बहुतेक मुळं कुजलेली होती. एकावर मात्र मुगाएवढं हिरवं टोक होतं. मालकिणीच्या फुलाफुलांच्या टेबलक्लॉथवर ते ठेवून मी फोटो काढला आणि काकांना पाठवला.

संध्याकाळी त्यांचा पुण्याहून फोन आला.

"फोटो तिला पाठवला," ते म्हणाले. "तिने काय लिहिलंय, वाचू? 'धिस इज नॉट अवर किचन. बाबा, व्हेअर आर यू?'"

"मग सांगा ना, काका."

"सांगतो. तू ठेव आता. तिचा फोन येतोय."