फ्रिजची पाठ

आज मागच्या अंगणात खरकटी भांडी ठेवायला गेले आणि एसीच्या बाहेरच्या डब्याची गरम झळ तोंडावर आली. तिनं मला थेट नंदनवन कॉलनीतल्या घरी, सासरच्या पहिल्या उन्हाळ्यात नेलं.

कूलरची मोटर जळली होती. घरात सगळे घामानं निथळत होते. काटोलजवळच्या खेड्यातून आलेल्या मला फ्रिज नवाच. मी मोठ्या हुशारीनं खिडक्या लावल्या, फ्रिजचं दार सताड उघडलं आणि सगळ्यांना समोर बसवलं. खोली गार व्हायच्या ऐवजी तापतच गेली. दूध नासलं. सासूबाईंनी माझा तळहात फ्रिजच्या मागच्या जाळीवर टेकवला. चटका बसला.

"आतली गरमी इकडून फेकते तो. त्याले लागते त्या लाइटचीबी गरमीच होते. जाईन कुठं वं ते?"

दीर हसले. मला मान वर करवेना.

आता अंगणात एसीच्या त्याच झळेखाली कामवाली वंदना भांडी घासायला बसली. मानेवरचा घाम पदरानं पुसत म्हणाली, "ताई, इकडं लय गरम लागून राहिलं."

"हो वं," म्हणत मी आत आले आणि गारवा जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं.